आनंदवन: बहिष्कारातून उभी राहिलेली वसाहत

ब्रिटिश सरकारच्या 1898 च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात डांबण्याची मुभा दिली होती. गावकुसाबाहेरचे जिणे तर त्याहून जुने. या पार्श्वभूमीवर बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी माळावर आनंदवन वसवले. बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताई यांच्याबरोबर रुग्णांनीच विहीर खणली, जमीन कसली. बोटे झडलेल्या हातांनी पिकवलेली भाजी घ्यायला वरोऱ्याचे लोक मात्र आधी धजावत नव्हते. सेवेसाठी आलेले परदेशी स्वयंसेवक तिथलेच अन्न खाताना दिसले, तेव्हा कुठे ही भीती ओसरू लागली.

पुढे अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा, अपंगांसाठी कामाचे प्रशिक्षण सुरू झाले. 1964 मध्ये तर आनंदवनानेच परिसरातील मुलांसाठी महाविद्यालय काढले. ज्यांना गावाने नाकारले त्यांनी गावाला शिक्षण दिले, ही या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट.

कायदा फार उशिरा जागा झाला. 1898 चा तो कायदा केंद्राने 2016 मध्ये रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळायला 2019 उजाडले.