कागद घालण्याआधी



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर काही जण हसले. प्रिंटरमध्ये कागद घालणं, यात इतिहास कसला? कागद घेतला, ट्रेमध्ये ठेवला, बटण दाबलं, झालं. आम्हीही कधीकाळी असंच म्हणत होतो. मग एकदा भाडेकरारासाठी शंभराचा मुद्रांक घेऊन आम्ही एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. चालवणारा पोरगा घाईत होता, बाहेर रांग होती. त्याने मुद्रांक यंत्रात सरकवला आणि पाच-सात सेकंदांत तो बाहेर आला. करार थेट राजमुद्रेवर आणि तोही उलटा छापलेला! पोरगा म्हणाला, "काका, दुसरा आणा." चूक त्याची, शंभर रुपये आमचे. त्या दिवसापासून आम्ही या लहानशा कृतीकडे जरा निरखून पाहायला लागलो.

मांजरसुंब्याहून केजकडे जाताना आपलं नेकनूर लागतं. बाजाराच्या गावात असतात तशी झेरॉक्सची, ऑनलाइन अर्जांची दुकानं आता सगळीकडे झाली आहेत. सातबारा, पीकविमा, दाखले, करारनामे, सगळं तिथल्या एका यंत्रातून बाहेर पडतं. पण त्या यंत्रात जे घालतात, त्या कागदाला आपल्या मराठवाड्यात फार जुना इतिहास आहे. तिथूनच सुरुवात करू.

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा नावाचं गाव आहे. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर बरोबर आले आणि इथे वसले, अशी परंपरा सांगितली जाते. राजधानी परत गेली, कागदी मात्र राहिले. जुन्या मराठी दप्तरांत जुन्नरी कागदासोबत दौलताबादी कागदाचं नाव येतं ते यांच्यामुळे.

हा कागद कसा होत असे बघा. चिंध्या, तागाचे जुने दोर चुन्याच्या पाण्यात कुजवायचे, कुटायचे, धुवायचे. तो लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा आणि गवताच्या काड्यांच्या साच्यावर उचलून घ्यायचा. ओला ताव भिंतीवर चिकटवून वाळवायचा. मग त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटला नाही तर बोरू अडखळतो आणि शाई फुटते. म्हणजे कागदाला सुलट-उलट बाजू असते, त्याला ओल मानवत नाही, लिहिण्याआधी त्याचा पोत बघावा लागतो, हे ज्ञान इथल्या माणसाला कित्येक शतकांपासून आहे. आज रिमच्या वेष्टनावर कधीकधी छोटा बाण छापलेला दिसतो, ही बाजू आधी छापा असं सांगणारा. कागजीपुऱ्याच्या कारागिराला तो बाण बोटांनी कळत होता, एवढाच काय तो फरक.

शब्दही त्याच वाटेने आले. कागद फारसीतून. दस्ता फारसीतला, दस्त म्हणजे हात. हातात मावतील इतके ताव तो दस्ता. चोवीस तावांचा एक दस्ता आणि वीस दस्त्यांची एक रीम, म्हणजे 480 ताव. आता रीम 500 ची झाली. आणि हा 'रीम' शब्द आपण इंग्रजी समजतो, पण त्याचं मूळ अरबी 'रिज़्मा', म्हणजे गठ्ठा. अरबांकडून स्पेनमध्ये, तिथून पुढे युरोपभर आणि मग इंग्रजांबरोबर आपल्याकडे. गठ्ठा जगाला वळसा घालून नेकनूरच्या दुकानात पोहोचला म्हणायचा!

आता त्या कागदावर लिहिलं कसं जायचं, ते आमच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत जाई. काजळी आणि डिंक यांची शाई. खत लिहायचं असेल तर देणारा, घेणारा, साक्षीदार समोर बसलेले. कारकून लिहीत जाणार, अडला की विचारणार, "रक्कम किती म्हणालात? मुदत कधीची?" समोरचा निरक्षर असला तरी कागद त्याच्या डोळ्यांदेखत भरत होता. म्हणून शेवटी येई, लिहून देणार, लिहून घेणार. आणि ते वाक्य, जे आजही तुम्हाला पाठ असेल: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले असे.

त्या काळी सगळं न्यायाने चालत होतं, असं आमचं म्हणणं नाही. सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठे घेतले आणि जमिनी गिळल्या, हे याच मराठवाड्यात झालं. एवढंच म्हणतो की लिहायला वेळ लागत होता, आणि त्या वेळात "थांबा" म्हणायला जागा होती.

बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचा मुद्रांक वेगळा, नाणं वेगळं, वरच्या कचेरीची भाषा आधी फारसी आणि 1884 पासून उर्दू. उजवीकडून डावीकडे लिहिलेले ते कागद आजही आपल्या लोकांच्या पेटीत सापडतात. अलीकडे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती गरज पडली ते आपण पाहिलं. आजोबांचा कागद नातवाला वाचता येत नाही, ही आपल्याकडची घराघरातली गोष्ट आहे.

कागदही बदलत होता. हाताच्या कागदाची जागा गिरणीच्या कागदाने घेतली. संस्थानातच सिरपूरजवळ 1938 मध्ये कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि गिरणीच्या गावाला कागजनगर हे नाव मिळालं. गिरणीचा कागद स्वस्त, सगळे ताव सारखे. आणि सारखा ताव असल्याशिवाय यंत्र चालत नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येक ताव जरा वेगळ्या जाडीचा असता तर टंकलेखन यंत्राने कुरकूर केली असती आणि प्रिंटरने तर घेतलाच नसता.

पुढे टाइपरायटर आला. 1955 मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचं यंत्र काढलं आणि हळूहळू तहसील कचेऱ्यांबाहेर अर्ज लिहून देणारे ते मांडीसमोर घेऊन बसू लागले. तिथे कागद घालणं ही एक कसरतच होती. वर मुद्रांक, मध्ये कार्बन, खाली साधा कागद, पुन्हा कार्बन, पुन्हा कागद. ही चळत ठोकून सारखी करायची, रुळात सरकवायची, बाजूचं चाक फिरवून वर आणायची. कार्बन उलटा लागला तर नक्कल कोरी आणि मूळ कागदाच्या पाठीवर काळी अक्षरं! सायक्लोस्टाइलची तऱ्हा आणखी वेगळी, त्याला शाई पिणारा खरबरीत कागद लागे. गुळगुळीत घातला की एकाची शाई दुसऱ्याला लागायची.

पण वेळ टाइपरायटरलाही लागत होता. परीक्षेत मराठीचा वेग मिनिटाला 30 शब्द असा मोजतात. म्हणजे 300 शब्दांच्या करारनाम्याला दहा मिनिटं. समोरचा माणूस त्या दहा मिनिटांत चार वेळा विचारत असे, "काय लिहिलंत?"

आता आपल्या यंत्राकडे येऊ. लेझर प्रिंटर दफ्तरांत शिरला तो 1984 नंतर. एक गंमत सांगतो. त्याची शाई म्हणजे टोनर, तो मुख्यतः प्लास्टिकची आणि काजळीची पूड. ती कागदावर बसवतात आणि तापलेल्या रुळाखाली वितळवून चिकटवतात. काजळी तेव्हाही होती, आताही आहे. डिंकाच्या जागी प्लास्टिक आलं इतकंच. आणि ताप आला म्हणून ओल पुन्हा आडवी आली. पावसाळ्यात उघडी पडलेली रीम हवा पिते, ताव एकमेकांना चिकटतात, यंत्र एकाऐवजी दोन ओढतं, नाहीतर गरम रुळाखालून कागद पापडासारखा वळून निघतो. म्हणून जाणता माणूस रीम वेष्टनातच ठेवतो आणि घालण्याआधी पत्ते पिसावेत तसे ताव मोकळे करतो. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकवतो. आवळल्या तर कागद वाकतो, सैल ठेवल्या तर ओळी तिरक्या जातात.

मापाचंही तसंच. ए-फोर हे माप 1922 मध्ये जर्मनीत ठरलं. युक्ती अशी की ताव मधोमध अर्धा केला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. सर्वांत मोठा ए-झीरो ताव एक चौरस मीटरचा, त्याचे सोळा ए-फोर होतात. 80 ग्रॅमचा कागद म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम, म्हणून एक ए-फोर पान बरोबर पाच ग्रॅमचं. अमेरिकेने मात्र आपलं लेटर आणि लीगल सोडलं नाही. त्यामुळे इथल्या दुकानात ट्रेमध्ये ए-फोर असतो आणि यंत्र दिवा लुकलुकवत लेटर मागत बसतं. आपल्या कचेऱ्यांना सवय फुलस्केप आणि लीगलची. सर्वोच्च न्यायालयानेही ए-फोर, दोन्ही बाजूंनी छापलेला, हे 1 एप्रिल 2020 पासून लागू केलं. मुद्रांकाचा ताव मात्र ए-फोरपेक्षा लांब, वरच्या भागात मुद्रा, लिहायला जागा खाली. माप न बदलता घातला की मजकूर सरकून मुद्रेवर चढतो. आमचं झालं होतं ते हेच, शिवाय बाजू आणि टोक चुकलं. काही यंत्रांत छापायची बाजू वर ठेवतात, काहींत खाली.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने शंभर-दोनशेच्या मुद्रांकाऐवजी किमान पाचशेचा केला. म्हणजे आमची ती चूक आज पाचशेला पडली असती. खराब झालेल्या मुद्रांकाचे पैसे मुदतीत अर्ज करून परत मागता येतात, कायद्यात तशी सोय आहे. पण पाचशे रुपयांसाठी रोज बुडवून बीडला खेटे कोण घालणार?

आणि हे पाचशे कुणाचे? दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातून कोयते निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. निघण्याआधी उचल घेतली जाते. कारखाना, वाहतूकदार आणि मुकादम यांच्यात करार होतात. मुकादम आणि मजूर यांच्यात बहुतेक तोंडी, नाहीतर नुसती सही-अंगठा. असा एखादा कागद दुकानात तयार होतो तेव्हा काय होतं, आठवून पाहा. मजकूर आधीच संगणकात आहे, मागच्या वर्षीचा. नाव बदललं, रक्कम बदलली. मुद्रांक आत गेला, बाहेर आला. "इथं अंगठा." खाली तेच जुनं वाक्य: राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून दिले असे. पण मंडळी, लिहिलं कुणी? कधी? समोर बसून ऐकायची ती दहा मिनिटं कुठे गेली?

यंत्राला दोष द्यायचा नाही. याच यंत्रामुळे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तलाठ्यामागचं फिरणं कमी झालं. पण यंत्राने लिहिण्याचा वेळ काढून घेतला, आणि त्याबरोबर विचारण्याची संधीही गेली. ती परत आणायची तर एकच जागा उरली आहे, कागद आत घालण्याआधीची. तोपर्यंत पडद्यावरचा आकडा फुकट बदलता येतो. नंतर पाचशे रुपये पडतात, आणि गरीब माणूस त्या खर्चापायी चुकीच्याच कागदावर अंगठा देतो.

म्हणून इथे बसलेल्या दुकानदार पोरांना आमची विनंती. मुद्रांक घालण्याआधी एक साधा कागद त्याच मापाचा घ्या. पेन्सिलीने वरच्या कोपऱ्यात फुली मारा आणि तो छापून बघा. फुली कुठल्या बाजूला, कुठल्या टोकाला आली ते पाहिलं की मुद्रांक कसा ठेवायचा ते कळतं. रद्दी कागद चालेल, पण चुरगळलेला नको. आणि तो साधा कागद हातात आला की फेकू नका. समोरच्या माणसाला तो मोठ्याने वाचून दाखवा. रक्कम, मुदत, कोण देणार, कोण घेणार. त्याने हो म्हटलं की मग मुद्रांक घाला.

आणि ज्यांना अंगठा द्यायचा आहे, त्यांनी फक्त एवढंच म्हणावं, "आधी साध्या कागदावर काढा, अन् वाचा." याला फार तर पाच मिनिटं लागतील. कागजीपुऱ्याचा कारागीर एक ताव घोटायला त्याहून जास्त वेळ देत असेल.