ग्लेन रॉयचे ‘रस्ते’ आणि वीस वर्षांचा पत्रव्यवहार

मंडळी, विज्ञानाचा इतिहास आपण बहुतेक वेळा ग्रंथांमधून वाचतो. पण ग्रंथात निष्कर्ष असतो. माणसाचं मत बदलताना पाहायचं तर त्याची पत्रं वाचावी लागतात. आज आपण अशाच काही पत्रांकडे पाहू.

स्कॉटलंडमध्ये ग्लेन रॉय नावाची दरी आहे. तिच्या दोन्ही उतारांवर एकाखाली एक, अगदी सपाट अशा तीन रेघा दिसतात. समुद्रसपाटीपासून साधारण 260, 325 आणि 350 मीटर उंचीवर. लोक त्यांना ‘समांतर रस्ते’ म्हणतात. खरं तर त्या जुन्या पाण्याच्या काठाच्या खुणा. प्रश्न असा, की पाणी कसलं?

1838 मध्ये चार्ल्स डार्विन तिथे गेला. दक्षिण अमेरिकेत, चिलीच्या किनाऱ्यावर, जमीन समुद्रातून वर उचलली गेल्याच्या खुणा त्याने पाहिल्या होत्या. त्यामुळे 1839 च्या निबंधात त्याने सांगितलं, की हे समुद्राचेच किनारे. तळं म्हणावं, तर पाणी अडवणारा बांध कुठे गेला? एवढा मोठा बांध मागमूस न ठेवता नाहीसा कसा होईल? म्हणजे तळं नाही. मग उरला समुद्र. समुद्री शिंपले तिथे सापडत नव्हते, तरी तो ठाम होता.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडचा लुई अॅगासी म्हणत होता, की एके काळी युरोपचा फार मोठा भाग बर्फाखाली होता. 1837 मध्ये त्याने हे मांडलं, तेव्हा हम्बोल्टसारख्या ज्येष्ठाने त्याला पत्राने सल्ला दिला, की बर्फ सोड, आपल्या माशांच्या जीवाश्मांकडे परत जा. अॅगासीने ऐकलं नाही. 1840 मध्ये तो विल्यम बकलंडबरोबर स्कॉटलंड फिरला आणि म्हणाला, ग्लेन रॉयचा बांध बर्फाचा होता! हिमनदीने दरीचं तोंड अडवलं, तळं साठलं. बर्फ वितळला, बांधही गेला. त्याच ऑक्टोबरात बकलंडने अॅगासीला आनंदाने कळवलं, की चार्ल्स लायेलने सिद्धान्त मान्य केला. हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग लायेलच्या वडिलांच्या घरापासून दोन मैलांच्या आतच निघाले होते! लायेलचा उत्साह मात्र फार टिकला नाही.

आणि डार्विन? 1842 मध्ये वेल्सच्या डोंगरांत हिमनद्यांच्या खुणा त्याने स्वतः ओळखल्या. 1831 मध्ये तिथेच फिरताना त्या त्याला दिसल्या नव्हत्या. तरीही ग्लेन रॉयचा समुद्र त्याने सोडला नाही.

शेवटी 1861 मध्ये थॉमस जेमिसन तिथे गेला. त्याने पाहिलं, की प्रत्येक रेघेची उंची डोंगरातल्या एकेका खिंडीशी जुळते. म्हणजे तळं भरलं, की जादा पाणी त्या खिंडीतून वाहून जाई आणि पातळी तिथेच थांबे. समुद्राला अशी खिंड कशाला लागेल?

हे कळल्यावर डार्विनने लायेलला लिहिलं, की आपला पार चुराडा झाला. तो निबंध म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एक प्रचंड घोडचूक होती. पुढे आत्मचरित्रातही त्याने धडा नोंदवला: बाकीचे पर्याय बाद झाले म्हणून उरलेला खरा, यावर विज्ञानात विसंबू नये.

का? कारण यादीत न आलेला पर्यायही असू शकतो. डार्विनच्या यादीत बर्फ नव्हता. डोंगरावरच्या रेघा मात्र तेव्हाही त्याच होत्या आणि आजही त्याच आहेत.