संगणक सुरू होतानाचे बिघाड

कळ दाबल्यापासून संगणक वापरण्याजोगा होईपर्यंतच्या काळात त्याचे काम मध्येच थांबणे, पडदा गोठणे, त्रुटीचा संदेश दाखवून यंत्र बंद पडणे किंवा ते आपोआप पुन्हापुन्हा सुरू होत राहणे, यांना संगणक सुरू होतानाचे बिघाड म्हणतात. यांपैकी शेवटच्या प्रकाराला 'बूट लूप' असे नाव आहे. बिघाडाचे मूळ वीजपुरवठ्यात, यंत्रभागांत, हार्ड डिस्कमध्ये, संचालन प्रणालीत किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये असू शकते. आधीचा टप्पा पार पडल्याशिवाय पुढचा सुरू होत नसल्यामुळे, संगणक नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो हे पाहणे हा निदानाचा पाया होय.

संगणक सुरू झाला नाही, तरी त्यातील माहिती बहुधा शाबूत असते. घाईने केलेल्या फॉरमॅटमुळे मात्र ती जाऊ शकते. म्हणून दुरुस्तीच्या क्रमाला महत्त्व आहे.

## सुरू होण्याची प्रक्रिया

'बूट' हा शब्द 'बूटस्ट्रॅप' या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलावे, अशी त्यामागची कल्पना आहे. संगणकासमोरचा पेच तसाच असतो: संचालन प्रणाली चालवण्यासाठी ती आधी मेमरीत आणावी लागते आणि ती आणण्यासाठी आधीच काहीतरी चालू असावे लागते. मदरबोर्डवरील चिपमध्ये कायमची साठवलेली एक लहान आज्ञावली हा पेच सोडवते. जुन्या संगणकांत तिला बायोस म्हणतात. नव्या संगणकांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे.

प्रक्रियेचे मुख्य टप्पे असे:

१. वीजपुरवठा स्थिर झाल्यावर प्रोसेसर बायोस किंवा यूईएफआयमधील सूचना राबवू लागतो.
२. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स इत्यादी भागांची प्राथमिक तपासणी होते. हिला 'पोस्ट' म्हणतात.
३. ठरलेल्या क्रमाने साठवणीची साधने पाहून बूट लोडर शोधला जातो. जुन्या पद्धतीत त्याची सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असते. यूईएफआय पद्धतीत तो डिस्कच्या एका स्वतंत्र विभागात फाइलच्या रूपात असतो.
४. बूट लोडर संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणि आरंभी लागणारे ड्रायव्हर मेमरीत आणतो.
५. कर्नेल उरलेले ड्रायव्हर व सेवा सुरू करतो आणि प्रवेशाचा पडदा दिसतो.
६. वापरकर्त्याने प्रवेश केल्यावर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम चालू होतात.

## लक्षणे आणि त्यांचा अर्थ

* दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही: दोष वीजपुरवठा, वायर, अ‍ॅडॉप्टर, कळ किंवा मदरबोर्ड यांत असतो. या अवस्थेत विंडोजशी संबंधित कोणताही उपाय निरर्थक ठरतो.
* पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो किंवा बीप ऐकू येतात: संगणक पोस्टपाशी अडलेला असतो. रॅम सैल बसणे हे याचे नेहमीचे कारण आहे. बीपची संख्या व लांबी यांवरून दोष कळतो. तथापि हे संकेत प्रत्येक निर्मात्याचे वेगळे असल्याने मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतच त्यांचा अर्थ पाहावा लागतो.
* बूट करण्याजोगे साधन सापडत नसल्याचा संदेश येतो: डिस्क निकामी झालेली असते, तिची वायर सुटलेली असते, बूटचा क्रम बदललेला असतो किंवा बूट लोडर बिघडलेला असतो. पेन ड्राइव्ह जोडलेला राहिल्यानेही हे घडते.
* विंडोजचे चिन्ह दिसते, पण त्यानंतर पडदा गोठतो, निळा होतो किंवा संगणक पुन्हा सुरू होतो: यंत्रभागांची प्राथमिक तपासणी पार पडलेली असते. संशय ड्रायव्हर, अर्धवट राहिलेला अपडेट, खराब झालेल्या फाइली, रॅम किंवा डिस्क यांवर जातो.
* प्रवेश केल्यानंतर संगणक कोसळतो: आपोआप सुरू होणारा एखादा प्रोग्रॅम किंवा वापरकर्त्याचे बिघडलेले खाते कारणीभूत असण्याचा संभव अधिक असतो.

विंडोजचा निळा पडदा हा स्वतः बिघाड नसतो. कर्नेलला दुरुस्त न करता येणारी चूक आढळली, की माहितीची आणखी हानी टाळण्यासाठी तो सर्व काम थांबवतो व थांबण्याचे कारण पडद्यावर लिहितो. २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये या पडद्याचा रंग काळा करण्यात आला. लिनक्स व मॅकओएस या प्रणालींत अशाच अवस्थेला 'कर्नेल पॅनिक' म्हणतात.

## निदानाची पद्धत

निदान करताना पहिला प्रश्न 'शेवटी काय बदलले?' हा असतो. नवी रॅम, नवा प्रिंटर, अपडेट, अँटिव्हायरस, वीज अचानक जाणे यांपैकी काही बिघाडाच्या आधी घडले असल्यास तपास तेथून सुरू करतात.

त्यानंतर प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क ही जोडलेली साधने काढून केवळ आवश्यक भागांवर संगणक सुरू करून पाहिला जातो. तो सुरू झाल्यास काढलेली साधने एकेक करून परत जोडतात. एका वेळी एकच बदल करणे हा या पद्धतीचा मुख्य नियम आहे. दोन बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाचा गुण आला हे कळत नाही.

डेस्कटॉप संगणकात वीज पूर्ण बंद करून रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा नीट बसवणे, तसेच एकेका पट्टीवर संगणक सुरू करून पाहणे उपयुक्त ठरते. आतील भागांना हात लावण्यापूर्वी वायर काढावी व अंगातील स्थिर विद्युत जाण्यासाठी पेटीच्या धातूच्या भागाला स्पर्श करावा. वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, मात्र उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी संपल्यास घड्याळ मागे पडते व बायोसमधील नोंदी मूळ स्थितीत जाऊ शकतात. डिस्क वापरण्याची पद्धत त्यामुळे बदलली, तर उत्तम स्थितीतील विंडोजही सुरू होत नाही. म्हणून तारीख चुकीची दिसत असेल, तर या बॅटरीची तपासणी आधी करतात.

## सेफ मोड आणि दुरुस्तीची साधने

सेफ मोडमध्ये विंडोज केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर व सेवा घेऊन सुरू होते. संगणक सेफ मोडमध्ये नीट चालला, तर दोष नंतर बसवलेल्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये असण्याची शक्यता वाढते. तेथेही तो कोसळला, तर यंत्रभाग, डिस्क किंवा मूळ प्रणालीच्या फाइली तपासाव्या लागतात.

विंडोज १० व ११ सलग दोनदा सुरू होऊ शकली नाही, तर दुरुस्तीचा पडदा सहसा आपोआप येतो. 'स्टार्टअप रिपेअर' बूटशी संबंधित नेहमीचे दोष शोधते. 'सिस्टीम रिस्टोअर' प्रणालीला आधीच्या स्थितीत नेते आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' शेवटचा अपडेट काढते. निळा पडदा वाचण्याआधीच संगणक पुन्हा सुरू होत असल्यास, आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय येथून बंद करता येते. लिनक्समध्ये ग्रब या बूट लोडरच्या यादीतून आधीचा कर्नेल निवडता येतो. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅक संगणकांत पॉवरची कळ दाबून धरल्यास असेच पर्याय मिळतात.

## माहितीचे संरक्षण

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास संगणक वारंवार सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नाने हानी वाढू शकते. डिस्क खराब झाल्याची शंका असताना दुरुस्तीची आज्ञावली चालवण्याआधी माहितीची प्रत काढणे इष्ट ठरते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून अनेकदा फाइली वाचवता येतात.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास या मार्गांसाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा संस्थेच्या संगणक विभागाकडे नोंदलेली असू शकते. ती कोठेच नसल्यास, डिस्क धडधाकट असूनही माहिती मिळत नाही. विंडोज नव्याने बसवणे हा शेवटचा उपाय मानला जातो आणि यंत्रभागात दोष असल्यास त्याचा उपयोग होत नाही.

## जुलै २०२४ ची घटना

सुरू होतानाच्या बिघाडाचे सर्वांत व्यापक उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी घडले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या 'फाल्कन' या सुरक्षा प्रणालीसाठी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल प्रसृत केली. ती वाचताना प्रणालीचा कर्नेलमध्ये चालणारा ड्रायव्हर मेमरीच्या मर्यादेबाहेर वाचू लागे व विंडोज कोसळे. हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच चालू होत असल्याने प्रत्येक प्रयत्न त्याच ठिकाणी फसे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले. विंडोजच्या एकूण संगणकांच्या तुलनेत हे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते. तरीही विमानसेवा, रुग्णालये, बँका व प्रसारमाध्यमे यांचे काम अनेक देशांत विस्कळीत झाले. भारतात विमान कंपन्यांच्या सेवेवर परिणाम झाला आणि काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. १० बँका व बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांच्या कामात किरकोळ अडथळा आल्याचे भारतीय रिझर्व्ह बँकेने सांगितले.

कंपनीने सदोष फाइल सुमारे ७८ मिनिटांत मागे घेतली. पण कोसळलेल्या संगणकांपर्यंत ती दुरुस्ती सहजी पोहोचत नव्हती. उपाय साधाच होता: सेफ मोडमध्ये जाऊन २९१ क्रमांकाची फाइल पुसायची व संगणक पुन्हा सुरू करायचा. परंतु बहुतांश ठिकाणी हे काम एकेका संगणकापाशी बसून करावे लागले आणि बिटलॉकर असलेल्या संगणकांवर आधी रिकव्हरी की शोधावी लागली. सर्व संगणक पूर्ववत होण्यास त्यामुळे अनेक दिवस लागले. या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टने, सुरू न होणाऱ्या संगणकांवर दुरुस्ती दूरवरून पोहोचवणारी 'क्विक मशीन रिकव्हरी' ही सोय विकसित केली.

## हेही पहा

* बायोस
* यूईएफआय
* संचालन प्रणाली
* सेफ मोड
* हार्ड डिस्क