तारखात्यापासून संगणकापर्यंत : सायबर सुरक्षेचे नियमन आणि नुकसानभरपाईचा प्रश्न

संदेशवहनाच्या साधनांवर शासनाने ठेवलेल्या नियंत्रणाचा इतिहास बहुधा गुन्हा आणि शिक्षा यांच्या अंगाने लिहिला जातो. संगणकीय व्यवहारांच्या सुरक्षिततेसंबंधीचे कायदेही त्याच दृष्टीने अभ्यासिले जातात. परंतु नुकसान सोसणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले असता निराळे चित्र दिसते. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर येथील एखाद्या खातेदाराची ठेव परस्पर काढून घेतली गेली, तर ती त्याने कोणाकडे व कोणत्या अधिकाराने मागावी, हा प्रश्न शासनाच्या भूमिकेची खरी कसोटी होय.

या प्रश्नाचे मूळ तारखात्यात सापडते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि त्याच दशकात तारायंत्राचे जाळे भारतभर पसरू लागले. पुढे १८८५ च्या तार अधिनियमाने तारा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे घेतला. सार्वजनिक आणीबाणीच्या वेळी संदेश अडविण्याची मुभाही कलम ५ ने सरकारला दिली. कलम ९ मात्र असे सांगत होते की, संदेश स्वीकारणे, पाठविणे वा पोचविणे यांत खात्याच्या नोकराने कसूर केल्यामुळे कोणाचे नुकसान झाले तर सरकार त्यास जबाबदार राहणार नाही. तार सरकारची आणि तोटा रयतेचा, अशी ही वाटणी होती.

या वाटणीला पहिला तडा गेला तो माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आलेल्या या कायद्याचा मुख्य रोख व्यापारसुलभतेवर होता; तथापि परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्याने बाधित व्यक्तीस भरपाई द्यावी, असे त्याच्या कलम ४३ ने ठरविले. मुंबईवरील हल्ल्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने दुरुस्ती विधेयक जवळजवळ चर्चेवाचून संमत केले. २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीतील कलम ४३-अ अन्वये, संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय करणारी संस्थाही भरपाईस पात्र ठरली. दुरुस्तीचा गाजावाजा झाला तो मात्र कलम ६६-अ मुळे. नोव्हेंबर २०१२ मधील पालघरच्या अटकांनी ते देशभर चर्चेत आले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. त्या कोलाहलात ४३-अ कडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही.

भरपाईचे दावे ऐकण्यासाठी २००३ मध्ये प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवास न्यायनिर्णय अधिकारी नेमण्यात आले. प्रशासकाला न्यायासनावर बसविणे तत्त्वतः आक्षेपार्ह आहे. पण महाराष्ट्रात हा प्रयोग काही काळ उपकारक ठरला, हे मान्य केले पाहिजे. सचिव राजेश अगरवाल यांच्यापुढे आलेल्या पूना ऑटो ॲन्सिलरीजच्या प्रकरणात, फसव्या ई-पत्राला उत्तर दिले गेल्यानंतर पुण्यातील खात्यातून ८० लाखांहून अधिक रुपये गेले होते. ग्राहकाची चूक गृहीत धरूनही बँकेची हयगय सिद्ध मानण्यात आली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा निर्णय झाला. दोष वाटून घेता येतो, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

परंतु अशा निर्णयांवरील अपिले जेथे जात, त्या दिल्लीच्या सायबर अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद ३० जून २०११ पासून रिकामे होते. ते पुढे भरलेच गेले नाही. २०१७ मध्ये न्यायाधिकरण दूरसंचार विवाद न्यायाधिकरणात विलीन करण्यात आले. कायद्याने जे दिले ते शासनाने एक खुर्ची रिकामी ठेवून जवळजवळ सहा वर्षे निरुपयोगी केले.

दरम्यान नियमन बँकांकडे वळले, आणि तेही आघातामागून. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातील मोठा भाग २८ देशांतील यंत्रांतून काढण्यात आला होता. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली. तथापि, बुलढाणा जिल्ह्यात ज्यांचे प्रस्थ मोठे आहे त्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. १९८६ मध्ये स्थापन झालेली बुलडाणा अर्बन ही अशीच सहकारी पतसंस्था होय. त्यामुळे एकाच गावातील दोन ठेवीदारांच्या पैशाला दोन निरनिराळ्या प्रतींचे संरक्षण लाभते.

२८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय आदेशाने सायबर घटनेची वर्दी सहा तासांत शासनास देणे बंधनकारक केले; खातेदारास कळविण्याचे बंधन त्यात नव्हते. ही उणीव २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने भरून काढली आणि सुरक्षेतील कसुरीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडही ठेवला. मात्र कलम ३४ नुसार ही रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जाते, आणि कलम ४४ अन्वये ४३-अ वगळले जाते. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने या तरतुदींच्या अंमलासाठी १८ महिन्यांची मुदत ठरविली. त्यानंतर सुलतानपूरच्या खातेदाराजवळ उरतील ती १९३० या क्रमांकावरील तक्रार, तीन दिवसांत बँकेस कळविल्यास काही प्रकरणांत तोशीस न लागू देणारे रिझर्व्ह बँकेचे नियम, आणि कलम ४३. हे कलम प्रामुख्याने घुसखोराकडून भरपाई मागते. आणि घुसखोर बहुधा हाती लागत नाही.