गाजरगवताचा भारतप्रवेश : एका रूढ समजाची फेरतपासणी

गाजरगवत अमेरिकी गव्हाबरोबर भारतात आले, हा समज त्याच्या ‘काँग्रेस गवत’ या नावाइतकाच रूढ आहे. पी. एल. ४८० करार ऑगस्ट १९५६ मधला; त्याच वर्षी आर. एस. राव यांनी पुण्यातील या तणाची ‘भारतातील नवी नोंद’ प्रसिद्ध केली. तथापि रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या कलकत्ता उद्यानसूचीत ही वनस्पती आढळते, आणि डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहात ब्रँडिस यांचा १८८० चा नमुना आहे. गव्हाने प्रसारास हातभार लावला असेल. प्रथम प्रवेशाचा दोष मात्र त्याच्या माथी मारता येत नाही. जुने नमुने पडताळण्यास महिनोन्‌महिने लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी गुण दिले ते प्रसिद्ध शोधनिबंधांना. अशा घाईत प्रास्ताविकात गव्हाची कथा (ती रंजकही आहे!) उतरवून घेणेच सोयीचे ठरले.