पाचारण

आग लागली की अग्निशमन दलाला आणि दंगल उसळली की लष्कराला ‘पाचारण करण्यात आले’ असे वृत्तपत्रे इमानेइतबारे छापतात. परंतु मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत हाच शब्द कानी पडतो तेव्हा बोलावणारा प्रत्यक्ष परमेश्वर असतो. प्राकृतातील ‘पच्चार’ म्हणजे उपालंभ, टोचून बोलणे. त्या कुळातून आलेल्या मराठी शब्दाने ती धार टाकली आणि हाकेचे अगत्य तेवढे राखले. ख्रिस्ती परंपरेत त्याच्या पाठीशी ग्रीक ‘क्लेसिस’ आणि लॅटिन ‘वोकातियो’ हे ‘हाक’ याच अर्थाचे शब्द उभे आहेत. मध्ययुगीन युरोपात ही हाक बहुतांशी मठवासीयांची मिरास होऊन बसली होती; सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने ती मिरास मोडून चांभाराच्या आरीलाही ‘बेरूफ’चा, म्हणजे पाचारणाचा, मान दिला, आणि परिणाम असा विलक्षण की आजच्या जर्मन भाषेत बेरूफ म्हणजे निव्वळ व्यवसाय!

सरकारी समन्सावर मोहर तरी असते. देवाची ही हाक खरी की आपल्याच हौसेचा प्रतिध्वनी, हे ठरविताना प्रार्थना, वडीलधाऱ्यांचा सल्ला आणि शेजाऱ्याची निकड एवढीच साक्ष हाती असते, आणि माझ्या मते त्यांतील तिसरी सर्वांत भरवशाची. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हे ख्रिस्तभक्तांचे मंडळ आरंभिले, तेही अशाच हाकेला ओ देऊन.

आज चर्चमध्ये ‘पाचारण’ म्हटले की रोख बहुधा धर्मगुरू वा धर्मभगिनी होऊ पाहणाऱ्यांकडे असतो. परिचारिका किंवा शिक्षक मात्र हा भारदस्त शब्द टाळून ‘देवानं मला इथं ठेवलंय’ एवढेच म्हणतात.