थॉमस लिंकन : एका अल्पाक्षरी पूर्वजाच्या चरित्राची साधने

अब्राहम लिंकनविषयी झालेले लेखन इतके विपुल आहे की, त्यात आणखी एका लेखाची भर घालावयाची तर त्यास काही कारण द्यावयास हवे. प्रस्तुत लेखाचा विषय लिंकन नसून त्याचा पिता थॉमस लिंकन (१७७८–१८५१) हा आहे. व्हर्जिनियात जन्मलेला, केंटकीत वाढलेला आणि आयुष्याची शेवटची चौतीस वर्षे इंडियाना व इलिनॉय या, आज 'मिडवेस्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, प्रदेशात शेती व सुतारकाम करून घालविलेला हा मनुष्य. कशीबशी सही करण्यापलीकडे त्याचे लेखन कधी गेले नाही, असे त्याच्या मुलानेच १८६० साली नमूद करून ठेविले आहे. जो स्वतः लिहीत नाही त्याचे चरित्र इतरांच्या लेखणीतून उभे राहते. आणि हे 'इतर' कोण होते, त्यांनी काय ऐकले व ऐकलेले कसे लिहिले, यावर त्या चरित्राची यथार्थता अवलंबून असते. प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे या प्रश्नाच्या ह्याच अंगाकडे त्याचे लक्ष प्रथम गेले, हे येथे सांगून टाकलेले बरे.

प्रथम मुलाची साक्ष पाहू. लिंकनने आपल्या घराण्याविषयी दोन आत्मचरित्रपर टिपणे लिहिली. पहिले डिसेंबर १८५९ मध्ये जेसी फेल याच्यासाठी, दुसरे १८६० मध्ये जॉन स्क्रिप्स याच्यासाठी. तत्पूर्वी १८४८ साली, तो काँग्रेसचा सभासद असताना, मॅसॅच्यूसेट्समधील हिंगम येथील सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थाशी त्याचा पत्रव्यवहार झाला होता. आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगम काउंटीतून केंटकीत आले आणि त्यांचे पूर्वज पेन्सिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीतले, एवढे त्याला ठाऊक होते. त्यामागचा धागा त्याच्या हाती लागत नव्हता. न्यू इंग्लंडमधील लिंकन घराण्याशी आपला संबंध जोडण्याचा प्रयत्न केला तर हाती केवळ नामसादृश्य येते, असे तो फेलला कळवितो : ईनॉक, लीव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम ही नावे दोन्हीकडे आढळतात, यापेक्षा निश्चित असे काही नाही.

लिंकनने ज्यास क्षुल्लक मानले तो पुरावा वस्तुतः क्षुल्लक नव्हता. एकटे 'अब्राहम' हे नाव काहीच सिद्ध करीत नाही. परंतु 'मॉर्डेकाय'सारखे तुलनेने विरळ नाव पिढ्यानुपिढ्या एकाच आडनावाबरोबर येऊ लागले म्हणजे संशोधकाने तेथे थांबून पाहिले पाहिजे. नातवास आजोबाचे नाव ठेवण्याची रीत आपल्याकडेही अपरिचित नाही. स्वतः लिंकनला आजोबाचेच नाव मिळाले होते. पुढे जेम्स हेन्री ली व जे. आर. हचिन्सन (१९०९) आणि वॉल्डो लिंकन (१९२३) यांच्या ग्रंथांनी ही वंशावळ कागदपत्रांच्या आधारे मांडली. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील हिंगम गावचा सॅम्युएल लिंकन १६३७ साली मॅसॅच्यूसेट्समध्ये आला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय. त्याचा मुलगाही मॉर्डेकाय. हा धाकटा मॉर्डेकाय न्यू जर्सीत व तेथून पेन्सिल्व्हेनियात गेला, आणि लिंकनला न सापडलेला दुवा तो हाच. त्याचा मुलगा जॉन व्हर्जिनियात गेला, जॉनचा मुलगा अब्राहम केंटकीत, आणि त्या अब्राहमचा सर्वांत धाकटा मुलगा थॉमस. थॉमसच्या वडील भावाचे नाव पुन्हा मॉर्डेकायच होते.

आता आडनावाच्या लेखनाकडे वळू. या आडनावात इंग्रजी लेखनाप्रमाणे दोन 'ल' आहेत; उच्चारात दुसरा नाही. शिवाय दुसरे अक्षर आघातहीन असल्याने त्याचा स्वर अस्पष्ट होतो. सीमाप्रदेशातील कारकून ऐकून लिहीत, आणि मग हे नाव कधी 'लिंकर्न', कधी 'लिंकहॉर्न' असे दप्तरात उतरे. दुसऱ्या रूपात तर अर्थहीन वाटणाऱ्या अक्षराला 'हॉर्न' म्हणजे शिंग हा परिचित शब्द चिकटविला गेला आहे. लोकव्युत्पत्तीचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. मोडी दप्तरात ऱ्हस्वदीर्घाचा भेद राखला जात नाही, हे जाणणाऱ्या वाचकास कारकुनांच्या या स्वैर लेखनाचे नवल वाटू नये. थॉमसच्या पित्याने केंटकीत घेतलेल्या ४०० एकरांची मोजणी ७ मे १७८५ रोजी झाली. त्या एकाच कागदावर साखळी धरणाऱ्या दोघा नातलगांचे आडनाव 'लिंकन' आहे, आणि खुणा करणाऱ्याचे, म्हणजे खुद्द जमीनमालकाचे, 'अब्राहम लिंकहॉर्न' असे आहे. वर्णानुक्रमाच्या सूचीत केवळ एकच लेखन शोधणाऱ्यास हा कागद मिळालाच नसता.

याच कागदाचा दुसराही उपयोग आहे. आजोबा रेड इंडियनांच्या हल्ल्यात मारले गेले, ते १७८४ च्या सुमारास, अशी लिंकनची समजूत होती. मे १७८५ मध्ये ते स्वतःच्या जमिनीवर मोजणीच्या खुणा करीत होते, तेव्हा ही समजूत टिकत नाही. मृत्यू मे १७८६ मध्ये झाला असे आता मानले जाते. घरची हकीकत अशी की, शेतात पिता पडला, लहान थॉमस प्रेताजवळ राहिला, आणि त्याला उचलून नेऊ पाहणाऱ्यास मॉर्डेकायने घरातून नेम धरून मारले. ही कथा लिंकन आयुष्यभर सांगत असे. तथापि थॉमसच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने त्या गोळीपेक्षा वर्ष अधिक महत्त्वाचे आहे. केंटकी त्या वेळी व्हर्जिनियाचाच भाग होता. तेथील ज्येष्ठाधिकाराचा कायदा रद्द करणारा अधिनियम १७८५ साली संमत झाला, परंतु तो अंमलात आला १ जानेवारी १७८७ पासून. त्यामुळे पित्याची जमीन मॉर्डेकायकडे गेली आणि धाकट्या थॉमसला काही मिळाले नाही. आठ महिन्यांचे अंतर! लिंकनने पित्याच्या अशिक्षितपणाचे व भटकेपणाचे मूळ आजोबांच्या अकाली मृत्यूत व दारिद्र्यात दाखविले आहे. या कायद्याचा मात्र तो उल्लेख करीत नाही.

थॉमसची अपकीर्ती झाली ती मात्र कागदांमुळे नव्हे, आठवणींमुळे. १८६५ साली लिंकनची हत्या झाल्यावर त्याचा वकिलीतील भागीदार विल्यम हर्न्डन याने इंडियाना व इलिनॉयमधील वृद्धांच्या मुलाखती घेतल्या, पत्रे मिळविली. हा संग्रह अमोल आहे. तो नसता तर लिंकनच्या बाळपणाविषयी आपणास फारच थोडे ठाऊक असते. परंतु साक्षीदार पन्नास वर्षांपूर्वीचे बोलत होते, आणि हुतात्म्याचे थोरपण जितके उंच तितका त्याचा पिता खाली, असा स्वाभाविक कल त्या बोलण्यात येत गेला. आळशी, उद्योगहीन, एका जागी न टिकणारा असा थॉमस या सामग्रीतून निघाला. वॉर्ड हिल लॅमन याच्या नावे १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात तर थॉमस व नॅन्सी हँक्स यांच्या विवाहाविषयीच शंका प्रकट झाली, कारण हार्डिन काउंटीच्या दप्तरात, जेथे ते दांपत्य राहत होते तेथे, विवाहाची नोंद सापडत नव्हती.

नोंद होती, पण शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत; विवाह वधूच्या आप्तांकडे झाला होता. १८७८ साली तेथील न्यायालयाच्या दप्तरात १० जून १८०६ चा जामीनकतबा मिळाला. त्यावर थॉमस लिंकनची सही आहे, आणि जेसी हेड या धर्मोपदेशकाने १२ जून रोजी विवाह लावल्याची नोंदही मिळाली. नोंद सापडत नाही आणि घटना घडली नाही, या दोन विधानांतील भेद विसरल्यामुळे एका कुटुंबाची किती काळ बदनामी झाली! (नॅन्सीच्या मातृकुलाचा प्रश्न वेगळा आहे. ती ल्यूसी हँक्सची मुलगी, या मतास २०१५ साली मातृवंशीय डी.एन.ए. परीक्षणाने बळकटी मिळाली आहे.)

लुई वॉरन यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केंटकीच्या काउंटी-दप्तरांतून थॉमसचा माग काढला. १७९० व १८०० च्या केंटकीच्या जनगणनेच्या याद्या उपलब्ध नसल्यामुळे करयाद्या, खरेदीखते व न्यायालयाची कामकाजाची पुस्तके यांवरच भिस्त ठेवावी लागते. त्यांतून दिसणारा थॉमस निराळा आहे. १८०३ साली, पंचविशीत, त्याने मिल क्रीक येथे २३८ एकर जमीन ११८ पौंडांस घेतली. तो ज्यूरीवर बसला, मिलिशियात होता, कर भरीत होता. १८१४ च्या करयादीत हार्डिनमधील ९८ मालमत्ताधारकांत त्याचा क्रम पंधरावा लागतो. तो आळशी होता असे मानावयाचे तर वडिलोपार्जित काहीही नसता हे त्याने कसे साधले, याचे उत्तर द्यावे लागेल.

मग तो एके ठिकाणी टिकला का नाही? येथे केंटकीतील जमीनमोजणीची पद्धत समजून घेतली पाहिजे. तेथे सरकारने आधी मोजणी केलेली नव्हती. ज्याने त्याने झाड, खडक, ओढ्याचे वळण अशा खुणा सांगून आपली जमीन मोजून घ्यावी, अशी रीत होती. परिणामी एका जमिनीवर दोन-दोन, तीन-तीन हक्क चढत. मिल क्रीकची जमीन थॉमसने विकली तेव्हा मोजणीतील चुकीमुळे २३८ एकरांचे २०० भरले. १८०८ च्या अखेरीस २०० डॉलर रोख देऊन घेतलेली सिंकिंग स्प्रिंगची जमीन (अब्राहमचा जन्म तेथला, १२ फेब्रुवारी १८०९) आधीच्या मालकाच्या थकलेल्या देण्यापायी न्यायालयात गेली. नॉब क्रीकवर तर दहा शेतकऱ्यांविरुद्ध बेदखलीचे दावे लागले व त्यांत थॉमस होता. हा शेवटचा दावा १८१८ साली त्याच्या बाजूने निकाली निघाला. परंतु तोवर तो राज्य सोडून गेला होता.

डिसेंबर १८१६ मध्ये ओहायो नदी ओलांडून त्याने इंडियानात प्रवेश केला. नदीच्या उत्तरेस १७८५ च्या अध्यादेशाप्रमाणे जमीन आधी मोजून, चौरस खंड पाडून, क्रमांक घालून मग विकली जात होती. थॉमसने १५ ऑक्टोबर १८१७ रोजी व्हिन्सेन्सच्या जमीन-कचेरीत नोंदविलेली जमीन म्हणजे टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम यातील ३२ व्या खंडाचा नैर्ऋत्य चतुर्थांश, १६० एकर. येथे झाडे नाहीत, ओढे नाहीत, केवळ अंक आहेत. आणि अंकांचे लेखन 'लिंकहॉर्न'प्रमाणे बदलत नाही. दर एकरी दोन डॉलर होता. पहिला चौथा हिस्सा म्हणून त्याने १६ व ६४ असे ८० डॉलर भरले. बाकी मात्र साधली नाही. अखेर १८२७ साली निम्मी जमीन सरकारला परत देऊन उरलेल्या ८० एकरांचे सरकारी खत त्याने मिळविले. केंटकीत तीन शेतांपैकी एकाचाही निर्वेध हक्क ज्यास लाभला नाही, त्याच्या दृष्टीने या ८० एकरांचे मोल काय असेल, हे सहज कळण्याजोगे आहे.

स्थलांतराची कारणे सांगताना लिंकनने स्क्रिप्सच्या टिपणात लिहिले की, ते काही अंशी गुलामगिरीमुळे, परंतु मुख्यतः केंटकीतील जमीनहक्कांच्या अडचणीमुळे झाले. ओहायोच्या उत्तरेस १७८७ पासून गुलामगिरीस बंदी होती, आणि थॉमस-नॅन्सी ज्या बॅप्टिस्ट मंडळात होते त्याचा कल गुलामगिरीविरोधी होता, हे खरे. त्याचबरोबर १८०५ साली हार्डिन काउंटीने गुलामांवर पहारा ठेवणाऱ्या गस्तीवर थॉमसची नेमणूक केली होती, हेही तेवढेच खरे. चरित्रकारांनी यांपैकी सोयीचे तेवढे उचलले आहे. मुलाच्या वाक्यातील 'काही अंशी' आणि 'मुख्यतः' या शब्दांचे वजन जसेच्या तसे ठेवावे, असे मला वाटते.

वॉरन यांच्या पक्षपाताविषयीही एक शब्द लिहिणे अगत्याचे आहे. केंटकीतील थॉमसची त्यांनी केलेली पुनःस्थापना निर्विवाद आहे. परंतु तिच्या बळावर पुढील आयुष्यही तसेच संपन्न होते असे म्हणता येणार नाही. ५ ऑक्टोबर १८१८ रोजी नॅन्सी 'मिल्क सिकनेस'ने, म्हणजे विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईंच्या दुधातून होणाऱ्या आजाराने, वारली. पुढील वर्षी थॉमसने सेरा बुश जॉन्स्टन या विधवेशी विवाह केला. घरातील माणसे वाढली, जमीन मात्र निम्मी झाली. १८३० साली तो इलिनॉयमध्ये गेला व लवकरच कोल्स काउंटीत स्थिरावला. १८४१ साली मुलाने त्याच्याकडून ४० एकर २०० डॉलरांस घेऊन आईबापांना तहहयात उपभोगासाठी ठेविले; त्याअर्थी गरज होती. एकविसाव्या वर्षापर्यंत मुलाची मजुरी बापाची, या तत्कालीन रीतीप्रमाणे अब्राहमने शेजाऱ्यांकडे राबून मिळविलेला पैसा थॉमसने घेतला होता. मुलाच्या साक्षीतील कोरडेपणा वाचताना ही पार्श्वभूमी सोडून चालत नाही. तो साक्षीदार जवळचा आहे, तटस्थ नाही.

जानेवारी १८५१ मध्ये थॉमस मरणोन्मुख असल्याची पत्रे स्प्रिंगफील्डला आली. १२ तारखेस लिंकनने सावत्र भावास उत्तर लिहिले : पत्नी बाळंतपणानंतर आजारी आहे, येणे शक्य नाही; आणि आता भेट झाली तरी ती सुखापेक्षा दुःखच अधिक देईल की काय, याची शंका वाटते. १७ तारखेस थॉमस वारला. मुलगा अंत्यसंस्कारास गेला नाही. अध्यक्षपदासाठी वॉशिंग्टनला जाण्यापूर्वी, ३१ जानेवारी १८६१ रोजी, तो सावत्र आईस भेटावयास कोल्स काउंटीत गेला, तेव्हा त्याने पित्याची कबर पाहिली.

मधल्या काळात, ४ एप्रिल १८५३ रोजी, लिंकनला चौथा मुलगा झाला होता. त्याचे नाव त्याने थॉमस ठेविले. घरात त्याला 'टॅड' म्हणत, आणि चरित्रग्रंथांच्या सूचीत त्याची नोंद बहुधा त्याच नावाखाली सापडते.